पोत्यावरचे लाकूड : व्हिडिओकला आणि ख्रिस्ती अध्यात्म

इतवारी हे नाव रविवारच्या बाजारावरून पडले. बुधवारी, शनिवारी, शुक्रवारी ही नागपूरची इतर नावेही तशीच वारांची. आमचे घर इतवारीतले, आणि रविवार हा आमच्या उपासनेचा वार. त्यामुळे लहानपणी मला प्रामाणिकपणे वाटत असे, की या वस्तीचे नाव आम्हां ख्रिस्ती मंडळींवरूनच पडले असावे! किराणा ओळीतली गर्दी पाहिल्यावर तो भ्रम फार दिवस टिकला नाही.

तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर एक लहानशी व्हिडिओकृती तयार केली. "ख्रिस्ती अध्यात्माची दृश्य अभिव्यक्ती" असे भारदस्त नाव मी अर्जात लिहिले होते. त्या खटपटीत काय चुकले आणि काय हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. पुढे कोणा विद्यार्थ्यास हा नाद लागला, तर त्याचे निदान दोन महिने वाचतील.

प्रथम एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. चित्रपट आपल्याला कथेच्या बोटाला धरून पुढे नेतो. व्हिडिओकलेत कथा नसली तरी चालते. तेथे काळ हाच कच्चा माल असतो. शिल्पकार जसा दगड घेतो, तसा हा कलावंत दहा सेकंद घेतो आणि ते ताणतो, थांबवतो किंवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

आता आमची अडचण. मराठी ख्रिस्ती परंपरा ही मुख्यतः शब्दांची परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, कीर्तने केली. (बाप्तिस्म्यापूर्वी ते काही काळ आपल्या नागपुरातच आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला होते, ही गोष्ट 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.) कानासाठी एवढे सारे असताना डोळ्यांसाठी काय होते? आमच्या घरी तरी निळ्या डोळ्यांच्या येशूचे कॅलेंडर होते. नाही म्हणायला गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी ही वाट बदलली. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याजवळ शिकून आलेल्या या चित्रकाराने मरीयेला साडी नेसवली. गोव्यातल्या धर्ममंडळींना ते रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले.

हलत्या चित्राचा तर आपल्याकडचा उगमच ख्रिस्तचरित्रापाशी सापडतो. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनासमोर राम, कृष्ण उभे राहत होते, असे त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पण मला त्याहून मोलाची वाटते ती १९१२ मधली वाटाण्याच्या रोपाची छोटी फिल्म. कुंडीसमोर कॅमेरा लावून फाळके रोज एकेक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर मिनिटभरात बी रुजले, कोंब वर आला, वेल पसरला. शुभवर्तमानात बी पेरणाऱ्याचे दाखले आहेत. माणूस झोपतो, उठतो, आणि बी कसे वाढते ते त्याला कळत नाही, असा अर्थ त्यांतल्या एकात येतो. फाळक्यांच्या मनात तो दाखला होता असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु डोळ्यांना न दिसणारी वाढ डोळ्यांना दिसली, एवढे खरे.

याच्या नेमके उलट काम अमेरिकन कलावंत बिल व्हायोला (१९५१–२०२४) यांनी केले. मरीया आणि अलीशिबा यांच्या भेटीच्या एका सोळाव्या शतकातील चित्रावरून त्यांनी १९९५ साली 'द ग्रीटिंग' ही कृती केली. तीन बायका रस्त्यात भेटतात, एवढाच प्रसंग. तो ४५ सेकंदांचा. सेकंदाला ३०० फ्रेम या वेगाने टिपून सुमारे दहा मिनिटांचा केलेला. पदराची वाऱ्यावरची हालचाल, कानात काही सांगताना तिसरीच्या चेहऱ्यावर येणारे परकेपण, हे सारे एरवी निसटून जाते. २०१४ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांची चार पडद्यांची हुतात्म्यांवरची कृती कायमची बसवली गेली. तीत शब्द नाहीत. व्हायोला एकाच पंथाचे नव्हते. बौद्ध आणि सूफी विचारांतूनही त्यांनी मनसोक्त घेतले.

एवढा अभ्यास झाल्यावर मी काय केले? पहाटे ट्रकमध्ये पोती चढवणाऱ्या एका हमालाचे पाठमोरे चित्रण लांबून, त्याला न विचारता केले. संगणकावर त्याच्या पोत्यावर वधस्तंभाचा एक अर्धपारदर्शक थर चढवला, सारे सोनेरी केले, व्हायोलिन लावले. सरांनी पाहिले आणि म्हणाले, "नाताळचे भेटकार्ड छान झाले आहे." मला राग आला. मग वाटले, ज्याचे चित्र आहे त्यालाच दाखवावे. दुकानाच्या पायरीवर बसून त्याने मोबाइल हातात घेतला, शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "आधीच पन्नास किलोचं पोतं हाय पाठीवर, तं त्याच्यावर हे लाकूड कायले ठेवलं रे बापू?"

मी उत्तर दिले नाही, माझ्याजवळ नव्हतेच. घरी येऊन शुभवर्तमान काढले, आणि ज्याच्याकडे मी कधी लक्ष दिले नव्हते तो कुरेनेकर शिमोन भेटला. शेतावरून येणारा हा वाटसरू. शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि वधस्तंभ वाहायला लावला. त्याला कोणी विचारले नव्हते. मीही हमालाला विचारले नव्हते. माझ्या श्रद्धेचे ओझे मी दुसऱ्याच्या पाठीवर दिले होते, आणि तेही मजुरी न देता!

दुसऱ्या खेपेस परवानगी मागितली. त्याची एकच अट होती : पाठ नको, तोंड दिसले पाहिजे. फळीवरून ट्रकमध्ये चढायला त्याला सुमारे २० सेकंद लागतात. सेकंदाला २४० फ्रेमने टिपून २५ ने दाखवल्या, की त्यांची तीन मिनिटे १२ सेकंद होतात. येथे एक सूचना. साध्या वेगाने टिपलेले चित्रण नंतर संगणकावर ताणू नये. फ्रेमच अपुऱ्या असल्यामुळे ते धक्के खाते. दुसरी सूचना गोदामाच्या दिव्यांबद्दल. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट शंभर वेळा कमीजास्त होते. डोळ्यांना ते कळत नाही, पण २४० फ्रेमच्या चित्रणात सारे गोदाम थरथरू लागते. मी दोन दिवस कॅमेऱ्याला दोष देत बसलो होतो. उपाय सोपा आहे : दिवे बंद करून सूर्य वर येण्याची वाट पाहावी. ही वाट पाहण्याची सवय मला उपासनेत लागली नव्हती. ती ट्रकच्या मागे उभे राहून लागली.

आवाज मात्र ताणू नये. तो घशातल्या गुरगुरीसारखा होतो. मी कॅमेरा हालवलाच नाही, रंग बदलले नाहीत, आणि ध्वनी वेगळा, साध्या गतीने घेतला. कावळे, टेम्पोचे भोंगे, आणि पोती मोजणाऱ्या मुनीमजींचा "लाभ, दोन, तीन." एक न म्हणता लाभ म्हणण्याची ही जुनी रीत. वधस्तंभ कोठेही नाही. शीर्षक फक्त 'शिमोन' ठेवले. परीक्षकांपैकी एकांनी विचारले, यात ख्रिस्ती काय आहे? प्रश्न योग्यच होता. शिमोन कोण हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ती एका मजुराची फिल्म वाटणार. ही उणीव मी मान्य करतो, पण थर पुन्हा चढवण्याची माझी तयारी नाही.

पूर्ण झालेली कृती घेऊन मी पुन्हा त्याच पायरीवर गेलो. तीन मिनिटे तो काही बोलला नाही. मग बोटाने पडदा थांबवायला सांगून म्हणाला, "इथं माहा पाय घसरला होता पाय." मी ते चित्रण निदान पन्नास वेळा पाहिले होते, मला ते दिसले नव्हते. फळीच्या मधोमध डाव्या पायाची टाच जरा सरकते, गुडघा कापतो, आणि पोते पडत नाही.

"तेवढंच पुन्हा दाखव," तो म्हणाला. मी मागे नेऊन दाखवले.