तरीवर एक फोटो हवाच

बयो, दिवेआगर ते गणपतीपुळे किनाऱ्याकिनाऱ्याने स्कूटरवरून जाऊन आलात, फोटोंचा ढीग साठलाय, आणि आता त्यांच्यावरून वाटेचा नकाशा करायचा म्हणतेस. कर की! जन्म मोजणी खात्यात काढलेल्या मामाला विचारलंस म्हणून सांगतो. फोटो एवढंच बोलतो की अमुक वेळी मी अमुक जागी होतो. दोन फोटोंच्या मधली रेघ आपण ओढतो आणि तिची जबाबदारीही आपलीच. एवढं डोक्यात ठेवलंस तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी मूळ फोटो गोळा कर. मैत्रिणींनी ग्रुपवर टाकलेले कामाचे नाहीत. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्याच्या पोटातली एक्झिफ नावाची माहिती, म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची, काढल्याची वेळ, पुसली जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. माझं ऐकशील तर प्रत्येकीचा फोन केबलने जोडून फोटो सरळ संगणकावर उतरव. त्यांची एक प्रत काढ आणि काय ती कापाकापी त्या प्रतीवर. कुणाच्या कॅमेऱ्यात लोकेशन बंदच असेल तर तिच्या फोटोंत जागा सापडणार नाही. ते फोटो टाकून देऊ नकोस, त्यांच्याकडे नंतर वळू.

आता वेळ. नवशिके जागेच्या मागे लागतात आणि वेळेकडे बघत नाहीत. नकाशावर ठिपके पडतात जागेमुळे, पण त्यांचा क्रम ठरतो वेळेने. फोनच्या फोटोत बहुधा दोन घड्याळं असतात. एक फोनचं, आपल्याकडच्या वेळेचं. दुसरं उपग्रहांकडून आलेलं, ते जागतिक प्रमाणवेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे पहाटे ५ वाजता हरिहरेश्वरला काढलेल्या फोटोत उपग्रहाची तारीख आदल्या दिवसाची दिसते. दोन्ही घड्याळं एका यादीत मिसळलीस तर तू आदल्या रात्रीच दोन ठिकाणी असल्याचं दिसेल. एकच धर. मी फोनचं धरतो.

मोठ्या कॅमेऱ्याचं घड्याळ कुणीतरी हाताने लावलेलं असतं, त्याच्यावर विश्वास नको. प्रवासाला निघताना त्या कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचाच एक फोटो काढून ठेवायचा. फरक किती ते घरी आल्यावर दिसतं, मग सगळे फोटो तेवढ्या मिनिटांनी सरकवायचे. या वेळी तसा फोटो नसेल तर एकच प्रसंग दोघींनी टिपलेला शोध. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी एकत्र उभ्या असाल, तिथून फरक काढ. जागा नसलेले फोटो असेच वेळेवरून बसवायचे. एक्झिफटूल आणि डिजीकॅम ही दोन्ही फुकट मिळणारी साधनं हे काम करतात, फक्त त्यांना जीपीएक्स नोंद, म्हणजे कुठल्या वेळी कुठे होतो याची फाइल, लागते. पुढच्या वेळी एकीने फोनवर ओस्मअँडसारखं अॅप चालू ठेवलं तर ती नोंद आपोआप तयार होईल. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालतं, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ घेतं.

आणि तिथेच घोळ होतो. खिशातून फोन काढून घाईने बटण दाबलं की फोन कधी कधी मागच्या जागेचा पत्ता चिकटवतो. असे खोटे ठिपके पकडायला मोजणीवाल्याची युक्ती वापर: अंतराला वेळेने भाग. चार मिनिटांच्या अंतराने काढलेले दोन फोटो वीस किलोमीटर लांब दिसले तर तुझी स्कूटर ताशी ३०० किलोमीटरने धावली असं होतं. असा ठिपका काढून टाक.

अंश, मिनिटं, सेकंद यांचंही बघ. १७ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १७.४५३० नव्हे, १७.७५८३. चुकलीस तर गाव सुमारे ३४ किलोमीटर सरकतं. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर दापोली थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, ते निदान लगेच कळतं. उंचीचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नकोस. गुहागरच्या वाळूत काढलेला फोटो समुद्रसपाटीच्या खाली साठ-सत्तर मीटर दाखवू शकतो. जीपीएस पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार धरून उंची मोजतं आणि आपल्याकडची खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. काही फोन हा फरक दुरुस्त करतात, काही करत नाहीत.

ठिपके साफ झाले की गूगल माय मॅप्सवर यादी चढव. एका थरात २,००० ओळी मावतात. प्रत्येक दिवसाला वेगळा थर कर, रंग वेगळा दे. मोठं काम असेल तर क्यूजीआयएस शिक. ते फोटोंच्या फोल्डरवरून ठिपके पाडतं आणि वेळेच्या क्रमाने जोडतंही.

आता रेघ. कोकणात खरी परीक्षा हिचीच आहे, कारण मध्ये खाड्या आहेत. तुम्ही बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीने गेलात. संगणकाला रस्ता विचारलास तर तो कधी फेरीबोट धरेल, कधी दाभोळहून चिपळूणमार्गे लांबचा वळसा घालेल. तुमच्या चाकांना न लागलेला रस्ता तुमच्या नावावर लागेल! म्हणून तरीच्या दोन्ही काठांवर एकेक फोटो हवा. पाण्यावर सरळ रेघ चालते, होडी जवळपास तशीच जाते. जमिनीवर चालत नाही, तिथे सरळ रेघ ओढलीस तर ती डोंगरातून जाईल. म्हणून प्रत्येक तिठ्यावर गावाच्या पाटीचा फोटो काढायची सवय लाव. त्यात कुणी हसत उभं राहिलं नाही तरी चालेल. जिथे तासभर फोटोच नाही आणि कुणाला रस्ता नीट आठवतही नाही, तिथे तुटक रेघ दे. तुटक रेघेत कमीपणा कसला? बघणाऱ्याला कळतं की उरलेली रेघ पक्की आहे.

नकाशा लोकांना दाखवायच्या आधी घराजवळचे ठिपके काढ. रात्री ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्या दाराचाही काढ. सड्यावर कुठे कुंपण नसलेलं कातळशिल्प दिसलं असेल तर त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नकोस. दगडावर नाव कोरणारे नकाशा वाचू शकतात.

शेवटी नकाशा केएमएल फाइल म्हणून उतरवून घे आणि मूळ फोटोंच्याच फोल्डरात ठेव. ती फाइल गूगल अर्थमध्येही उघडते आणि क्यूजीआयएसमध्येही.