आधी खुराडं, मग अंडी

उबवणीची अंडी कुठून मागवली, डझनाला काय पडले, मशीन कोणतं घ्यावं, हे भालकीपासून आळंदपर्यंतची मंडळी मला विचारतात. खुराड्याला जाळी कोणती लावली हे कुणी विचारत नाही. कोंबड्या जातात त्या मात्र खुराड्यातूनच. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी खुराडं, मग खुडूक कोंबडी, आणि ही दोन्ही दारात असतील तरच पार्सलची अंडी.

तरी बोलायला अंड्यांपासूनच सुरुवात करते, कारण तुमचं मन तिथेच अडकलेलं असणार.

आपल्याकडे अशी अंडी बहुतेक बसच्या पार्सलनं येतात. हैदराबाद-सोलापूर हमरस्त्यावर, हुमनाबादपर्यंत, फारसं काही बिघडत नाही. पुढे आडरस्त्याला लागल्यावर जे दचके बसतात त्यांत नुसती कवचं तडकत नाहीत. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पिशवी असते. कवच फोडण्याआधी पिल्लू पहिला श्वास तिच्यातून घेतं. दचक्यांनी ही पिशवी जागेवरून सुटते. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी अंड्याला लावून बघा. अंडं जरा कलवलं की पिशवीची कड हेलकावे खात असेल तर प्रवास बाधलाय असं समजा. आलेली अंडी बोथट बाजू वर करून ट्रेमध्ये लावा आणि गार खोलीत दिवस-रात्र निवांत राहू द्या. धुवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. मशीनमध्ये घातल्यावरही पिशवी सुटलेली अंडी पहिले काही दिवस उभीच ठेवावीत, मग हलक्या हातानं एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलती करावीत.

दचक्यांइतकंच ऊन वाईट. अंड्यातला जीव साधारण २१ अंश सेल्सियसच्या खाली निजून असतो. त्याच्यावर पारा गेला की तो चाळवतो, पण ३७.५ अंशांची सलग ऊब मिळाली तरच धड वाढतो. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि बसच्या तापलेल्या डिकीत दुपारभर राहिलेलं अंडं म्हणजे जागं होऊन मेलेलं अंडं. म्हणून मागवायची तर दिवाळी उलटल्यावर, आणि महाशिवरात्रीच्या आत. थंडी अंड्याला त्या मानानं सोसते.

आमच्या घरी जी खेप आली ती अशीच थंडीतली होती. तडकलेली लगेच दिसली. वांझ होती ती सातव्या दिवशी उजेडात धरल्यावर कळली. काही अठराव्या दिवसापर्यंत भरलेली दिसली आणि एकविसाव्याला कवचातच राहिली. विकणाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "ताई, अंडं देणं आमच्या हातात, फुटणं नाही." राग आला, पण त्याचं बोलणं खोटं नव्हतं. लांबून आलेल्या अंड्यांतली निम्मी फुटली तरी चांगलं म्हणायचं. तेव्हा हिशेब अंड्याच्या दरावर करू नका, पायावर उभ्या राहिलेल्या पिलावर करा. तीस रुपयांचं अंडं घेतलंत तर पिल्लू साठाला पडलं, वर वीज वेगळी.

त्यापेक्षा एक दिवसाची पिल्लं आणणं बरं. फुटून बाहेर आलेल्या पिलाच्या पोटात बलकाचा उरलेला साठा असतो. त्यावर ते दोनेक दिवस दाणापाण्यावाचून तग धरतं. हैदराबादच्या राजेंद्रनगरला केंद्र सरकारची कुक्कुट संशोधन संस्था आहे. वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तिथल्याच. गिरिराजा बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. बीदरहून हैदराबाद काही तासांवर आहे. ज्यांना कडकनाथच हवा असतो त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, त्याचं भौगोलिक मानांकन २०१८ साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या नावे झालं, आणि काळ्या पिसांची प्रत्येक कोंबडी कडकनाथ नसते. दोन, २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागात कडकनाथच्या योजनेत शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आठवा. अंडी परत विकत घेतो असं सांगणाऱ्याला आधी विचारावं, तू ती कुणाला विकणार?

मशीनबद्दल फार बोलत नाही. थर्मोकोलचा खोका, बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट एवढ्यातही पिल्लं निघतात. ओलावा पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडून बघायची हौस आवरा. खरी अडचण विजेची आहे. उन्हाळा असो की वाऱ्या-पावसाचा दिवस, खेड्यात वीज जाते, आणि ती येईपर्यंत खोक्यातली ऊब टिकत नाही.

खुडूक कोंबडीला वीज लागत नाही. शेजारच्या अक्का टोपलीत राख आणि भुसा घालतात, वर दहा-बारा अंडी मांडतात आणि कडेला लोखंडाचा खिळा ठेवतात, मेघगर्जनेनं अंडी बाधू नयेत म्हणून. खिळ्यावर माझा विश्वास नाही. राखेवर आहे, तिनं उवा-पिसवा कमी होतात. गावरान कोंबडी अंडी फिरवते, ओलावा राखते आणि पुढे पिल्लं वाढवते. कडकनाथची मादी याबाबतीत कच्ची, आणि सुधारित जातींचं खुडूक बसणं जवळजवळ मोडूनच टाकलेलं आहे. मशीनमध्ये पिल्लं काढायचीच असतील तर त्याच सुमारास एक गावरान कोंबडी अंड्यांवर बसवा आणि नवी पिल्लं रात्रीच्या अंधारात तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती आपलीच म्हणून घेते. हा फायदा मोठा आहे, कारण वर घार दिसली की आई एक वेगळाच आवाज काढते आणि पिल्लं दडतात. मशीनच्या पोरक्या पिलांना हे कोण शिकवणार?

आता खुराडं. अंड्यांना मानवणारा जो हंगाम, तोच आपल्या भागात कोंबड्यांना घातक. डिसेंबर-जानेवारीत तूर निघते. कारखाने सुरू असतात, ऊसतोड चालू असते. तुरीत आणि उसात दडलेले कोल्हे, रानमांजरं, मुंगसं उघड्यावर येतात आणि गावाच्या कडेला सरकतात. घारींची वीणही साधारण जानेवारीपासूनच. म्हणजे तुमची पिल्लं दाणे टिपायला बाहेर पडतात, तेव्हा घारीच्या घरट्यातही चोची वासलेल्या असतात.

आमची पिल्लं भरदुपारी गेली. जाळी नवी होती, दाराला कडी होती, कुठे फाटलेलं नव्हतं. पण खुराडं काळ्या रानात उभं होतं. पाऊस सरला की काळी माती आकसते, भेगा पडतात, खांब कलतो आणि चौकटीखाली चार बोटं फट राहते. मुंगसाला तेवढी पुरते. मानेला चावे होते, रक्त होतं, आणि खाल्लं काहीच नव्हतं म्हणावं इतकं कमी. मुंगूस कोंडलेल्या पिलांत शिरलं की भुकेपुरतं मारून थांबत नाही. बीदर-हुमनाबादकडे जांभ्याची लाल माती आहे, तिला अशा भेगा नाहीत, पण तिथे पाया खणणं जिवावर येतं.

दोन्हीकडे चालणारा उपाय कलबुर्गी जिल्ह्यातच आहे: शहाबादी फरशी. फरशीचे तुटके तुकडे स्वस्तात मिळतात. खुराड्याभोवती बाहेरच्या बाजूला हातभर रुंदीचा पट्टा फरशीनं मढवा आणि जाळीचं खालचं टोक त्याखाली दाबा. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, त्याला फरशी लागते आणि ते नाद सोडतं. पाऊस सरून भेगा पडल्या की एकदा फिरून फटी बुजवा.

जाळी म्हणाल तर षटकोनी तारेची जाळी कोंबडी आत ठेवण्यापुरती. कुत्रं ती दातांनी ओढतं, आणि तिच्या भोकातून साप सहज येतो. खालच्या तीन फुटांना तरी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. वरून मासेमारीची जुनी जाळी ताणली तर घार आणि कावळा दोन्ही थांबतात. कावळ्याला थांबवण्याचं कारण नुसती पिल्लं नाहीत: २०२५ च्या जानेवारीत इथून जवळच्या उदगीरला कावळे पटापट मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला.

नुकसान झालंच तर आरडाओरडा करण्याआधी खुणा बघा. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप. टरफलं दगडापाशी फुटलेली, तर मुंगूस. अख्खी कोंबडी नाहीशी आणि थोडी पिसं पडलेली, तर रानमांजर किंवा कोल्हा. एकाच रात्री बऱ्याच मारून टाकून दिलेल्या, तर गावातलीच कुत्री, आणि मालक कबूल होणार नाही. लहान पिल्लं एकेक करून कमी होत असतील तर घुशीचं बीळ शोधा. विष मात्र कुणासाठी घालू नका. मुंगूस, रानमांजर, घार, नाग यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विषारी मांसाचा तुकडा शेवटी शेजाऱ्याची शेळी राखणारं कुत्रंच खातं.

मानमोडीची लस विसरू नका. पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या आसपास आरटूबी. मानमोडी आली तर मुंगसाला काही उरतच नाही. तालुक्याच्या पशुदवाखान्यात विचारा. लसीची कुपी शेकडो पक्ष्यांची असते, त्यामुळे गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं नेलेली बरी.

आणि ज्यांच्याकडे खुडूक कोंबडी नाही, त्यांनी मशीन घेण्याआधी अर्धेलीचा विचार करावा. अंडी तुमची, कोंबडी आणि राखण दुसऱ्याची, दोन महिन्यांनी पिल्लं निम्मी-निम्मी. आमच्याकडे शेळ्या अशाच देतात. फक्त एक गोष्ट अंडी देतानाच दोघांच्या तोंडून वदवून घ्यावी: मधल्या काळात मुंगसानं नेलेली पिल्लं कुणाच्या वाट्यातली धरायची. अक्का म्हणतात, खुराडं ज्याचं, त्याच्या वाट्यातली. मला ते पटतं.