कळ तीच, अक्षर निराळे

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. हे नाव आपण संगणकावर मराठीत लिहू या. इन्स्क्रिप्ट मांडणी निवडा आणि पुढील कळा क्रमाने दाबा : शिफ्टसह एफ, अवतरणचिन्ह, एफ, तिरपी रेघ, ई, उघडणारा चौकटी कंस, ए, यू. पडद्यावर ‘इटियाडोह’ उमटेल. आता मांडणी इंग्रजी करून त्याच कळा पुन्हा दाबा. काहीच अर्थ नसलेली चिन्हांची रांग दिसेल. बोटे तीच, कळाही त्याच. मग अक्षरे कुणी बदलली?

कळ दाबली की कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवतो, असा आपला समज असतो. तसे नसते. तो फक्त कळेचा क्रमांक पाठवतो. लिनक्समध्ये एफ छापलेल्या कळेचा क्रमांक ३३ आहे. ३३ म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारा तक्ता संगणकात असतो. इंग्रजी तक्त्यात ते ‘एफ’, तर इन्स्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी. कळेवर छापलेले अक्षर ही केवळ एक सोय. संगणक ते कधी पाहतच नाही!

इन्स्क्रिप्टचा तक्ता मोठ्या विचाराने केलेला आहे. १९८६ साली भारत सरकारने तो प्रमाण मानला. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ दुसऱ्या एका. मराठीत जिथे ‘क’, तिथेच तेलुगू आणि बंगालीतही ‘क’. याउलट इटियाडोहजवळच्या गोठणगावच्या तिबेटी वसाहतीतील मुलांची लिपी घ्या. तिचीही वर्णमाला क, ख, ग अशीच सुरू होते, पण तिच्यासाठी लिनक्समध्ये निराळा तक्ता आहे. तेव्हा एकाच तालुक्यात, एकाच कळफलकावर, तीन लिप्या!

आता खरी अडचण पाहा. शाळेच्या संगणकावर आधीचा विद्यार्थी मराठी मांडणी ठेवून उठून गेला. पुढचा विद्यार्थी प्रवेशाच्या पडद्यावर आपला परवलीचा शब्द टाइप करतो. तिथे अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळत नाही. ‘शब्द चुकीचा आहे’ असे उत्तर येते. तो पुन्हा तेच टाइप करतो, पुन्हा तेच उत्तर. बिचाऱ्याला वाटते, आपणच शब्द विसरलो. परीक्षेचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस असेल तर?

“पण मी तर माझ्या खात्यात इंग्रजी मांडणी ठेवली होती,” असे तुम्ही म्हणाल. बरोबर, पण ती तुमच्या खात्यात आहे, आणि खाते तर अजून उघडलेलेच नाही. कालव्याचे उदाहरण घ्या. तुमच्या बांधावरचे दार तुम्ही हवे तसे लावाल. पण पाणी आधी धरणाच्या दरवाजातून यावे लागते. प्रवेशाचा पडदा हा त्या मुख्य दरवाजासारखा. तो साऱ्या संगणकासाठी ठरवलेला तक्ता वाचतो.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत हा तक्ता ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात, त्यातील ‘डीफॉल्ट’ या पोटकप्प्यात, ‘कीबोर्ड’ नावाच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो. ती बदलण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला. त्यातील मांडणीच्या ओळीत ‘यूएस’, मग स्वल्पविराम, मग ‘आयएन’ असे लिहिले, की दोन्ही तक्ते उपलब्ध होतात : पहिला इंग्रजी, दुसरा देवनागरी. क्रम महत्त्वाचा आहे. जो पहिला, तोच सुरुवातीला लागू होतो. नुसतेच ‘आयएन’ लिहून संगणक बंद केलात, तर रोमन अक्षरांतला परवलीचा शब्द टाइप करायला अक्षरेच मिळणार नाहीत आणि सारेच बाहेर राहतील. कोणत्या कळांनी पालट करायचा, तेही याच फाइलमध्ये लिहिता येते. ते न विसरता लिहावे.

संपूर्ण डिस्क कुलूपबंद केली असेल, तर तिचा शब्द याच्याही आधी विचारला जातो. तेव्हा वरील फाइल कुलपाच्या आतच असते! म्हणून तक्त्याची एक प्रत संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रारंभिक संचात घातलेली असते. फाइल बदलल्यावर तो संचही नव्याने तयार करावा लागतो, नाही तर तिथे जुनाच तक्ता चालू राहतो.

करून पाहा : प्रवेशाच्या पडद्यावर नाव लिहिण्याची चौकट असेल, तर तिथे एफ, ए, यू या कळा दाबा. नावाच्या चौकटीत ठिपके नसतात. उमटलेली अक्षरे पाहून कोणता तक्ता चालू आहे ते लगेच कळेल. मात्र तिथे आपला परवलीचा शब्द लिहून पाहू नका. मागे उभा असलेला मित्रही तो वाचेल.