उन्हाळी काकडी : लागवड आणि किडींपासून राखण

वसतिगृहाच्या भोजनगृहात मार्च-एप्रिलमध्ये ताटात पडणाऱ्या काकडीच्या फोडी विकतच्या नसतात, हे माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. विहिरीलगतची पाच गुंठे जमीन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी खणली, भिजवली आणि राखली आहे. कार्यानुभव विषयाचा शिक्षक या नात्याने त्या जमिनीवर मी विद्यार्थ्यांसह जे शिकलो, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावे, असे पालक सभेतील प्रश्नांवरून वाटले. प्रश्न दरवर्षी तेच असतात : वेल फुलतो पण काकडी धरत नाही, धरली तर वाकडी होते, सरळ झाली तर आतून किडते, आणि सारे निभावले तर कडू लागते. या चारही तक्रारींचे मूळ बहुतांशी उन्हाळ्यात आहे, म्हणून येथे केवळ उन्हाळी लागवडीचाच विचार केला आहे.

काकडी ही मूळची आपल्याच देशातील. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी बहीण आजही आढळते. ती आकाराने लहान आणि चवीला अतिशय कडू असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी राखून तिला आजचे रूप दिले. परंतु तो कडूपणा वेलातून समूळ गेलेला नाही. ‘कुकुरबिटासिन’ नावाचे कडू द्रव्य पानांत व देठांत असतेच. उष्णता तीव्र झाली, पाण्यात खंड पडला, वेल ताणावर आला, की ते फळात उतरते. ते देठाकडील भागात व सालीलगत अधिक साठते. म्हणून आपल्या आया-आजी देठाकडचा भाग कापून टाकतात, ते योग्यच आहे. कडूपणा टाळण्याचा उपाय मात्र विळीवर नव्हे, पाण्याच्या पाळीत आहे.

पेरणीची वेळ

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हे आपण भोगतोच. काकडीचे बी २५ ते ३० अंश तापमानात उत्तम उगवते आणि वेलही त्याच सुमारास जोमात असतो. पारा ३८-४० अंशांच्या पुढे गेला की परागकण निकामी होऊ लागतात व फुले गळतात. म्हणून उन्हाळी काकडीचे पहिले संरक्षण औषधाच्या बाटलीत नसून पंचांगात आहे. आम्ही जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बी लावतो. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिला तोडा मिळतो आणि एप्रिलअखेर, म्हणजे विद्यार्थी सुटीवर घरी जाण्यापूर्वी, पीक बहुतेक संपते. मार्चच्या मध्यावर बी लावून जूनपर्यंत काकडी खाण्याची अपेक्षा करणाऱ्या पालकांची निराशा होते, यात बियाण्याचा दोष नसतो.

उन्हाळ्यासाठी ‘पूना खीरा’ हा जुना वाण आम्हांला सोयीचा वाटला. फळे आखूड असतात, पण लवकर येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा पांढरट फळांचा ‘हिमांगी’ हा वाणही चांगला आहे. ‘शीतल’ हा कोकणासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशासाठीचा वाण असल्याने आमच्याकडे त्याचा उपयोग नाही.

दोन वेलांत दोन फूट आणि दोन ओळींत चार-पाच फूट अंतर ठेवावे. प्रत्येक आळ्यात अर्धे घमेले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे, रात्रभर भिजवलेले तीन दाणे बोटाच्या एका पेराइतके खोल टोकावेत आणि उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची काढावीत. युरियाचा हात आखडता ठेवावा. नत्र अधिक झाले की वेल हिरवागार दिसतो, पण पाने लुसलुशीत होऊन मावा तुटून पडतो आणि फळधारणाही लांबते.

वेल जमिनीवर पसरू न देता तुऱ्हाट्या किंवा बांबूवर चढवावा. फळे सरळ वाढतात, हवा खेळती राहते आणि पानांची खालची बाजू तपासता येते. या तिसऱ्या लाभाचे महत्त्व पुढे कळेल. पश्चिमेकडून येणारी झळ अडवण्यासाठी आम्ही कडेने मक्याच्या दोन ओळी काकडीच्या आधी पंधरा दिवस पेरतो. हा मका सावलीही देतो आणि उडत येणाऱ्या माव्याला पहिला थांबाही ठरतो.

काकडीची मुळे उथळ असतात. आठवड्यातून एकदा शेत तुडुंब भरण्यापेक्षा एक दिवसाआड, आणि एप्रिलमध्ये रोज, सकाळी थोडे पाणी देणे हितावह. आळ्यावर गव्हांडा किंवा वाळलेल्या गवताचा तीन-चार बोटे जाड थर द्यावा. प्लास्टिकचे आच्छादन वापरावयाचे असल्यास चंदेरी बाजू वर ठेवावी. त्या चकाकीने मावा व पांढरी माशी बिचकतात. काळी बाजू वर ठेवल्यास उन्हाळ्यात मुळे भाजतात.

फुले गळतात ती कोणती?

काकडीच्या एकाच वेलावर नर व मादी अशी वेगळी फुले येतात. नर फुले आधी, झुपक्याने येतात आणि एका दिवसात गळतात. तेच त्यांचे आयुष्य. मादी फुलाखाली करंगळीच्या टोकाएवढी इवलीशी काकडी आधीच दिसते. पहिल्या आठवड्यात ‘सगळी फुले गळाली’ म्हणून धावत येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रथम हा फरक दाखवतो. थंड रात्री व लहान दिवस असताना मादी फुले अधिक येतात. दिवस मोठा व उष्ण झाला की नर फुले वाढतात. लवकर पेरणीचे हे आणखी एक कारण.

फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटू लागते. एवढ्या वेळात मधमाश्यांनी त्याला अनेकदा भेट द्यावी लागते. भेटी अपुऱ्या पडल्या, की फळात बी एकाच बाजूला धरते, ती बाजू फुगते, दुसरी आकसते आणि काकडी वाकडी होते. (पाण्याच्या ताणानेही असे होते, पण आधी मधमाश्यांची विचारपूस करावी.) शहरात गच्चीवर वेल लावणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सकाळी नऊच्या आत नर फूल खुडून, पाकळ्या काढून, त्याचा पिवळा केसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. एका नर फुलावर दोन मादी फुले सहज होतात.

कोण, केव्हा येतो

रोपाला दोन पाने असताना लाल भुंगा येतो. पानांना गोल छिद्रे पाडतो आणि दोन-तीन दिवसांत रोप संपवतो. त्याच्या अळ्या मातीत राहून मुळे खातात. पहाटे थंडाव्यात तो सुस्त असतो. सहा वाजता दोन मुले साबणाच्या पाण्याचे डबे घेऊन निघाली, तर पाच गुंठ्यांचे काम अर्ध्या तासात होते. पानांवर चाळलेली राख धुरळल्यासही तो नाखूश होतो. रोपाला सात-आठ पाने आली की ही चिंता सरते.

मार्चमध्ये रस शोषणारे येतात : मावा, तुडतुडे, पांढरी माशी. यांचे खरे नुकसान रस पिण्यात नसून रोग पसरवण्यात आहे. पाने हिरवी-पिवळी चट्ट्यांची, आकसलेली दिसू लागली, की तो मोझॅक विषाणू समजावा. मावा हा विषाणू काही क्षणांच्या टोचणीत एका वेलावरून दुसऱ्यावर नेतो. औषधाने तो मरण्यापूर्वी त्याचे काम झालेले असते. म्हणून तेथे फवारणीवर पैसा घालवू नये. रोगट वेल दिसताच उपटून शेताबाहेर पुरावा. हे सांगणे सोपे आहे. स्वतः वाढवलेला वेल उपटताना सहावीतल्या मुलांचे चेहरे पाहवत नाहीत.

एप्रिलच्या कोरड्या उष्म्यात पानांवर बारीक पांढुरके ठिपके, आणि पान उलटून पाहिल्यास कोळ्याचे सूक्ष्म जाळे दिसते. हा लाल कोळी. हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला आहे. त्यामुळे अनेक कीटकनाशके त्याला बाधत नाहीत. उलट काही पायरेथ्रॉइड औषधांनी त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि तो दुप्पट वेगाने वाढतो. गंधक त्यावर चालते, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना काकडीवर गंधक मारले तर पाने करपतात. आम्ही सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारतो. आठवड्यातून दोनदा तेवढे केले, तर बहुधा पुढचे काही करावे लागत नाही.

फळमाशीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक काकडी तीच नेते. मादी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी डिंकाचा थेंब दिसतो. अळ्या गर खातात, फळ सडून गळते, अळ्या मातीत शिरून कोश करतात. अंड्यापासून माशी होईपर्यंत दोन ते तीन आठवडे पुरतात. कडक कोरड्या उन्हात तिचा जोर कमी असतो. अवकाळी पाऊस पडून हवा दमट व थोडी थंड झाली की ती उसळते.

येथे मी स्वतः एक चूक दोन हंगाम केली. दुकानदाराने दिलेले सापळे शेतात टांगले, डब्यांत माश्या ढिगाने साचल्या, मी निश्चिंत झालो आणि काकडी तशीच किडत राहिली. पुढे उलगडा झाला, की त्या सापळ्यातील गंधगोळी मिथाइल युजेनॉलची, म्हणजे आंब्यावरील फळमाशीसाठीची होती. काकडीवरील फळमाशी ‘क्यू ल्यूर’ या गंधालाच भुलते. सापळा विकत घेताना हा शब्द वेष्टनावर वाचून घ्यावा. एकरी साधारण दहा सापळे लावावेत. दुसरी गोष्ट, सापळ्यात केवळ नर सापडतात. त्यामुळे सापळा लावून हात झटकता येत नाहीत. किडलेली व गळलेली फळे रोज वेचून दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवावीत. ती उकिरड्यावर टाकणे म्हणजे माशीला पाळणाघर देणे होय. वेलाखालची माती अधूनमधून खुरपून कोश उन्हात उघडे करावेत. घरी दोन-चारच वेल असतील, तर फळ बोटाएवढे होताच त्याला वर्तमानपत्राची पिशवी बांधावी.

फवारणीपूर्वी

आम्ही घरचा निंबोळी अर्क वापरतो. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, फडक्याने गाळावा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळावा आणि एकूण शंभर लिटर द्रावण करावे. हा अर्क उन्हात लवकर निष्प्रभ होतो, म्हणून सायंकाळीच फवारावा. तेव्हा फुले मिटलेली आणि मधमाश्या घरी गेलेल्या असतात. निंबोळ्या पावसाळ्याच्या आरंभी वेचून, सुकवून गोणपाटात ठेवाव्या लागतात. फेब्रुवारीत आठवण झाली तर उपयोग नाही.

रासायनिक औषधाबाबत एक साधा हिशेब पालकांनी करावा. फवारणीनंतर फळ किती दिवस तोडू नये, हे प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेले असते. काकडी दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते. थांबल्यास ती जून होते आणि वेल पुढची फळे धरीनासा होतो. मग सात दिवस थांबावयास सांगणारे औषध तोड सुरू झाल्यावर कसे वापरावयाचे? जो वापरतो, तो एक तर दोन तोडे फेकून देतो किंवा ते कोणाला तरी खाऊ घालतो. आणि काकडी आपण शिजवीत नाही, कित्येकदा सोलतही नाही. जे कठोर औषध द्यावयाचे ते फूल लागण्यापूर्वी, काकडीसाठी शिफारस असेल तरच आणि वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहून. लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेणारा माणूस पुष्कळदा शेताचा मालक नसतो. मजुरी करणारा असतो. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील तेच काम करतात. म्हणून आमच्या वर्गात वाऱ्याकडे पाठ करून फवारणे, तोंडाला फडके नव्हे तर मुखपट्टी व हातमोजे वापरणे, तुंबलेली तोटी तोंडाने न फुंकणे, हे कृतीने करवून घेतले जाते. मुले ते घरी जाऊन सांगतात. काही वडिलांनी त्यानंतर हातमोजे मागून घेतले, असे मुलांकडूनच कळले.

सातवीतील एका मुलीने एकदा विचारले, की रोज सकाळी आपण पंचशील म्हणतो आणि नंतर डबा घेऊन भुंगे बुडवतो, हे कसे? मला नेमके उत्तर सुचले नाही. त्या वर्षी तिच्या गटाने आपल्या ओळीवर भुंगे न मारता पातळ मच्छरदाणीच्या कपड्याचे झाकण घातले आणि फुले येताच ते काढले. रोपे वाचली. तेव्हापासून निम्म्या ओळींवर आम्ही कापडच घालतो. उरलेल्या निम्म्यांसाठी कापड पुरत नाही. जुन्या मच्छरदाण्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी जरूर पाठवाव्यात.

बियाण्यासाठी दरवर्षी चार निरोगी वेलांवरील एकेक काकडी पिवळी-तपकिरी होईपर्यंत ठेवतो. बी गरासह दोन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, सावलीत वाळवतो. संकरित वाणाचे बी असे धरू नये, पुढे ते जातीवर उतरत नाही. ‘पूना खीरा’ची यंदाची पाकिटे शाळेच्या कार्यालयात ठेवली आहेत. एका पाकिटात वीस दाणे आहेत, आणि ते जानेवारीच्या आत न्यावे.