दोन क्लचांची मोटार व ती चालविण्याची रीत

दोन दगडांवर पाय ठेवणारा मनुष्य केव्हां ना केव्हां पडतो, असें आपण ऐकत आलों आहोंत. परंतु अलीकडील कांहीं लहान मोटारींत एक यंत्र असें असतें कीं, तें सदैव दोन दगडांवर पाय ठेवूनच चालतें, आणि म्हणूनच त्याची चाल मोडत नाहीं. त्यास दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स म्हणतात. तो कसा चालतो, कोणाच्या बुद्धींतून निघाला आणि तशी मोटार चालवितांना कोणती दक्षता ठेवावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम गिअर कशासाठीं लागतात तें पाहूं. इंजिनाची ओढ सर्व वेगांत सारखी नसते. फार मंद फिरल्यास तें बंद पडतें, व फार जलद फिरविल्यास त्यास इजा होते. मोटारीस मात्र स्थिर अवस्थेपासून मोठ्या वेगापर्यंत जावयाचें असतें. म्हणून इंजिन व चाकें यांच्या मध्यें लहानमोठ्या दंतचक्रांच्या जोड्या बसवितात. पहिल्या गिअरांत इंजिनाचे पुष्कळ फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो; वेग थोडा, पण जोर मोठा. वरच्या गिअरांत वेग वाढतो व जोर कमी होतो. गिअर बदलतांना इंजिनाचा व दंतचक्रांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो. तें काम क्लचचें. साध्या मोटारींत डाव्या पायानें क्लच दाबावा, हातानें दांडा सरकवावा आणि पाय हळूच सोडावा, असा क्रम आहे. तेवढ्या वेळांत इंजिनाचा जोर चाकांस पोंचत नाहीं. चढावर नवशिक्याची गाडी गचके खाते ती बहुधा याच वेळीं.

आतां शाळेच्या क्रीडादिनांतील रिले शर्यत आठवा. पहिला गडी जवळ येतांच दुसरा गडी धांवूं लागतो, आणि दोघेही धांवत असतांनाच दांडी या हातांतून त्या हातांत जाते. दुहेरी क्लचचें तत्त्व नेमकें हेंच आहे. यांत दोन क्लच असतात. एकाकडे १, ३ व ५ हे विषम गिअर, आणि दुसऱ्याकडे २, ४ व ६ हे सम गिअर असतात. त्यांचे दोन दांडे जागा वांचावी म्हणून एकांत एक घातलेले असतात. बाहेरचा पोकळ व आंतला त्यांतून जाणारा. मोटार दुसऱ्या गिअरांत धांवत असतां तिसऱ्याची जोडी आधींच जुळवून ठेवलेली असते. वेळ येतांच एक क्लच सुटूं लागतो व त्याच क्षणीं दुसरा पकड घेऊं लागतो. जोर कोठें तुटत नाहीं, आणि आंत बसलेल्यांस गिअर बदलल्याचें बहुधा कळतही नाहीं.

पुढचा गिअर कोणता लागेल हें यंत्रास कसें समजतें? गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे कीं ब्रेकवर, हें सर्व पाहून गाडींतील संगणक अंदाज बांधतो. वेग वाढत असेल तर वरचा गिअर, घटत असेल तर खालचा. अंदाज चुकला तर जुळवलेली जोडी सोडून दुसरी जुळवावी लागते, आणि किंचित विलंब होतो.

ही कल्पना मांडणारा गृहस्थ अदोल्फ केग्रेस हा फ्रेंच अभियंता होय. त्याचा जन्म १८७९ सालचा. तरुणपणीं तो रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यांत होता, व बर्फावर चालण्यासाठीं त्यानें मोटारीच्या मागच्या बाजूस पट्टे बसविले. रशियांत राज्यक्रांति झाल्यावर तो मायदेशीं परतला. १९३१ सालीं बैरूतहून निघालेल्या सित्रोएन सफरीच्या गाड्या अशाच पट्ट्यांवर चालत काश्मीरमार्गें गिलगितपर्यंत आल्या होत्या. १९३९ च्या सुमारास त्यानें दोन क्लचांची योजना आंखली. परंतु महायुद्ध पेटलें, आणि १९४३ सालीं तो निवर्तला. त्याच्या हयातींत ही योजना बाजारांतील मोटारींत आली नाहीं. दोन क्लचांचा मेळ क्षणार्धांत घालण्यास लागणारीं साधनें त्या काळीं नव्हतीं. १९८० नंतरच्या दशकांत पोर्शे व ऑडी यांनीं शर्यतीच्या मोटारींत तिचा प्रयोग केला, आणि २००३ सालीं फोक्सवॅगननें गोल्फ या लहान मोटारींत ती सर्वसामान्य ग्राहकांस दिली. आपल्या प्रांतांतील चाकण येथें तयार झालेल्या पोलोच्या एका प्रकारांत ती २०१३ सालीं आली.

सुकाणूच्या चक्रामागील दोन पात्यांचा उगमही शर्यतींतच आहे. १९८९ सालीं जॉन बर्नार्ड यानें आंखलेल्या फेरारी मोटारींत तीं होतीं, व त्या वर्षीं ब्राझीलमधील पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेल यानें तिच्यांतून जिंकली. उजवें पातें ओढल्यास गिअर वर जातो, डावें ओढल्यास खालीं येतो. हात चक्रावरून काढावा लागत नाहीं, हा मोठा लाभ. बहुतेक गाड्यांत पातीं चक्राबरोबर फिरतात. म्हणून वळणांत शिरण्यापूर्वींच गिअर बदलून घ्यावा, नाहीं तर ऐन वळणावर डाव्याउजव्याचा घोंटाळा होतो. इंजिनास घातक होईल इतका खालचा गिअर मागितल्यास यंत्र तो देत नाहीं.

अशा गाडींत पेडलें दोनच, ब्रेक व ॲक्सिलरेटर. दोन्ही उजव्या पायानेंच चालवावींत. डाव्या पायास विश्रांति. ब्रेक दाबून धरल्यावरच दांडा ‘डी’ या अक्षरावर आणावा. गर्दींत गाडी बोट बोट पुढें सरकवूं नये. त्या वेळीं क्लच अर्धवट पकडींत घांसत राहतो व तापतो. पुढें थोडी जागा होऊं द्यावी, मग जावें. चढावर उभें राहतांना ॲक्सिलरेटरनें गाडी तोलून धरणें हाही तोच दोष होय. तेथें ब्रेकच धरावा. कांहीं गाड्यांचे क्लच तेलांत बुडालेले असतात, कांहींचे कोरडे. कोरड्यांस उष्णता अधिक बाधते. यंत्र नाजूक आहे हेंही विसरूं नये. या जातीच्या गिअरबॉक्समधील दोषांमुळें २०१३ सालीं चीनमध्यें फोक्सवॅगनला सुमारें ३,८४,००० गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घाटाच्या उताराची. १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार ३०० मीटर खालीं उतरते तेव्हां सुमारें ३५ लक्ष जूल शक्ति कोठें तरी खर्च व्हावी लागते. एवढ्या उष्णतेनें ११ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापेल! हवा व रस्ता यांचा विरोध थोडा वांटा उचलतो. उरलेला सर्व भार ब्रेकवर टाकला तर ते तापून त्यांची पकड सुटूं लागते, आणि तें कळतें तेव्हां पुष्कळदां वेळ निघून गेलेली असते. यास्तव उतार लागण्यापूर्वींच डावें पातें ओढून दुसरा किंवा तिसरा गिअर घ्यावा. म्हणजे इंजिनच गाडीस मागें धरून ठेवतें, व ब्रेक गरजेच्या क्षणासाठीं ताजे राहतात. गिअर आपोआप बदलतो म्हणून हा नियम सुटत नाहीं. पुढें कोणतें वळण आहे हें चालकास दिसतें, संगणकास बहुधा दिसत नाहीं.

मुलांनो, मोटार चालविण्याचा परवाना १८ वर्षें पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोंपर्यंत वडिलांच्या शेजारीं बसून रस्ता वाचावयास शिकावें. आणि पालकांस विनंति अशी कीं, गाडी सोपी झाली म्हणून ती मुलांच्या हातीं लवकर देऊं नये. पाय व हात यांचें श्रम यंत्रानें हलके केले आहेत. रस्त्यांत अकस्मात् धांवत आलेल्या पोरासाठीं वेळेवर थांबण्याची जबाबदारी मात्र अजून चालकाचीच आहे.