इनपुट दिलं, तरी कन्स्ट्रक्टरमध्ये रिकामं का?

प्रश्न : पर्यटकांसाठी अँग्युलरमध्ये अ‍ॅप करतोय. पालक कंपोनंट 'वेरूळ' हे नाव लेणी-कार्डाला इनपुट म्हणून देतो. कार्डाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये त्यावरून सुट्टीचा वार ठरवतो, तिथे ते 'अनडिफाइन्ड' येतं, स्क्रीनवर मात्र बरोबर दिसतं. असं का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुम्ही जरा लवकर विचारताय. अँग्युलर आधी कार्डाचा ऑब्जेक्ट बनवतं, तेव्हाच कन्स्ट्रक्टर चालून जातो. इनपुट भरले जातात त्यानंतर. मग एनजी-ऑन-चेंजेस आणि मागोमाग, एकदाच, एनजी-ऑन-इनिट. स्क्रीन रंगेपर्यंत नाव पोचलेलं असतं.

सुट्टीचा वार ठरवणारी ओळ (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी) एनजी-ऑन-इनिटमध्ये हलवली की आजचं काम भागेल. पण त्याच कार्डावर कुणी वेरूळऐवजी अजिंठा निवडलं, तर एनजी-ऑन-इनिट पुन्हा चालत नाही. नाव अजिंठ्याचं, सुट्टी मंगळवारची. आणि सोमवारी पर्यटक अजिंठ्याजवळच्या फर्दापूरहून हात हलवत परत! म्हणून ती ओळ एनजी-ऑन-चेंजेसमध्येच ठेवा.

टाइपस्क्रिप्ट कुरकुरतं म्हणून नावाला उद्गारचिन्ह चिकटवायची सवय मला मुळीच पसंत नाही. कंपायलर गप्प बसतो, किंमत काही येत नाही. अँग्युलर 16 पासून इनपुट 'रिक्वायर्ड' करता येतं. पालक द्यायला विसरला तर बिल्डच अडतं. कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र तेही रिकामंच.

माहिती सर्व्हरवरून येणार असेल, तर एनजी-ऑन-इनिटलाही ती हाती नसते. तिथे टेम्प्लेटमध्ये अट घालून तोवर 'लोड होत आहे' दाखवा.