पाणी चाळीसवर गेले की कळव!

सांगली जिल्ह्यातले कुंडल हे उसाचे गाव. गावात सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ‘आपल्या उसाला तोड कधी?’ हा प्रश्न घरोघरी असतो. उत्तर मिळवायचे मार्ग दोन. रोज गट ऑफिसात जाऊन विचारायचे आणि ‘अजून नाही’ ऐकून परत यायचे. किंवा नोंद करून आपल्या कामाला लागायचे आणि पाळी आली की चिटबॉय निरोप घेऊन येण्याची वाट पाहायची.

संगणकांचेही असेच आहे. दुसऱ्या संगणकाकडची बातमी हवी असेल, तर एखादा संगणक दर मिनिटाला विचारत राहू शकतो. पण यात बहुतेक खेपा फुकट जातात. त्यापेक्षा तो आपला पत्ता देऊन ठेवतो आणि घटना घडताच दुसरा संगणक त्या पत्त्यावर निरोप धाडतो. या सोयीला ‘वेबहुक’ म्हणतात. हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे या प्रोग्रामरने दिले.

वेबहुक नोंदवण्याचे काम पूर्वी माणूसच करी. आता ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’कडेही सोपवता येते. एजंट म्हणजे साध्या भाषेत सांगितलेले काम समजून घेऊन, त्यासाठी लागणारी साधने निवडून वापरणारा प्रोग्राम. ही साधने त्याला कशी कळतात? प्रत्येक साधनासोबत त्याचे नाव, वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी दिलेली असते. अशी ओळख करून देण्याची एक ठरावीक पद्धत, ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. साधनाच्या पोटात काय चालते ते एजंटला सहसा दिसत नाही. त्याच्या हाती असते ते वर्णन.

आता एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कुंडल ज्या पलूस तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला पूरग्रस्तांची नाव उलटून अनेकांचा जीव गेला. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात.

समजा, कुंडलच्या एका मुलीची मावशी सांगलीत नदीकाठी राहते. नदीची पातळी कळवणारी एक सेवा आहे आणि तिचे वेबहुक नोंदवणारे एक साधन एजंटपाशी आहे. मुलगी म्हणते, “आयर्विन पुलापाशी पाणी ४० वर गेले की मला कळव.” साधनाच्या वर्णनात मात्र इतकेच आहे: ‘वेबहुक तयार करते. पातळी: संख्या.’ एजंट ४० लिहितो, ‘नोंद झाली’ म्हणतो. मुलगी निश्चिंत होते.

पण ४० काय? पुलापाशी पाणी फुटांत मोजतात. केंद्रीय जल आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो, आणि सांगली तर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर आहे! सेवा जर मीटर मोजत असेल, तर नदी बाराही महिने ‘४० च्या वर’च आहे. अट ‘४० ओलांडताच’ अशी असेल, तर ती कधीच ओलांडली जाणार नाही आणि निरोप कधीच येणार नाही. पूर नाही म्हणूनही फोन शांत, चूक झाली म्हणूनही शांत. माणूस निदान विचारील, “फूट की मीटर?” एजंटही विचारू शकतो, पण त्याला शंका यावी, असे वर्णनात काही हवे ना!

म्हणून वर्णन असे हवे: ‘पातळी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. वापरणाऱ्याने फूट सांगितले असतील, तर अंदाजाने बदलू नये, त्याला विचारावे.’

दुसरी अडचण मला अधिक मौजेची वाटते. पुराचे पाणी एका जागी थांबत नाही. ते ३९.९, मग ४०.१, पुन्हा ३९.९ असे खालीवर होत राहते. प्रत्येक वेळी निरोप आला, तर रात्रीतून वीस वेळा फोन वाजेल आणि एकविसाव्या वेळी कोणी उठणार नाही. उपाय विजेच्या इस्त्रीत आहे. ती ठरलेल्या उष्णतेला बंद होते, पण थोडी निवल्यावरच पुन्हा सुरू होते. तसेच इथे: ४० ओलांडताच एक निरोप, पाणी ३९ च्या खाली उतरून पुन्हा चढले तरच दुसरा. साधन असे वागते की नाही, हे वर्णनात लिहिलेले हवे.

एजंटला उत्तर उशिरा मिळाले, तर तो तीच नोंद पुन्हा करू शकतो. तेव्हा ‘पत्ता व अट तीच असल्यास जुनीच नोंद परत मिळेल’ हेही लिहावे. आणि निरोप पोचला नाही तर? पुरात आधी वीज जाते. सेवा पुन्हा किती वेळा, किती वेळाने प्रयत्न करील, आणि शेवटी गप्प बसेल की दुसऱ्या मार्गाने कळवील? हे आकड्यांत सांगावे. ‘काही वेळा’ या शब्दांनी कोणाचेच काम होत नाही.

वर्गात करून पाहा: शाळेची घंटा वाजवण्याच्या ‘साधना’चे वर्णन पाच ओळींत लिहा आणि मित्राला द्या. त्याने फक्त कागद वाचायचा, प्रश्न विचारायचा नाही. मग त्याला सांगा, “मधल्या सुट्टीची घंटा दे.” त्याने किती टोले दिले, केव्हा दिले, ते वहीत लिहा. ज्या ठिकाणी तो अडला किंवा चुकला, तेथे वर्णनात एक ओळ वाढवा आणि कागद दुसऱ्या मित्राला द्या.